ईव्ही अडते ती मीटर रूम आणि पार्किंगच्या मधल्या साठ मीटरमध्ये

प्रश्न थोडक्यात असा आहे: केंद्र सरकारने अनुदान दिलं, राज्य सरकार रोड टॅक्स घेत नाही, आता टोलही माफ झाला, तरी आमच्या ओळखीतले बहुतेक जण अजून पेट्रोल नाहीतर सीएनजीच घेतात. मग अडतं कुठे? आणि पुण्यात सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आत्ता इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की थांबावं?

मी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. वीस-बावीस वर्षं सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये गेली, आणि २०१९ पासून चार्जरची कामं वाढत वाढत आता निम्म्याच्या वर गेली आहेत. मी गाड्या विकत नाही, त्यामुळे कोणती घ्यावी हे मला विचारू नका. पण घेतलेली गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिच्यापर्यंत वीज कशी पोचते, हे मी रोज बघतो. माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातं. सरकारने सगळं लक्ष गाडी विकली जाण्याकडे दिलं. ती उभी राहते त्या अडीच बाय पाच मीटरच्या चौकोनाकडे फार उशिरा पाहिलं, आणि अजूनही तिरक्या नजरेनेच बघतं.

आधी अनुदानाचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. केंद्राची 'फेम' योजना एप्रिल २०१५ मध्ये आली. तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ मध्ये, १०,००० कोटींचा. दुचाकीला सुरुवातीला बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे (म्हणजे आपल्या बिलातल्या एका युनिटमागे) १०,००० रुपये मिळायचे. जून २०२१ मध्ये ते १५,००० केले आणि मर्यादा गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे तीन किलोवॉट-तासांच्या स्कूटरला ४५,००० रुपये. दोन वर्षांनी, १ जून २०२३ ला, परत १०,००० वर आणले आणि मर्यादा थेट १५ टक्के. मे महिन्यात देशात लाखभर इलेक्ट्रिक दुचाकींची नोंदणी झाली होती, जूनमध्ये ती निम्म्याहून खाली आली. मग 'फेम' संपली आणि चार महिन्यांसाठी दुसरीच योजना आली, ती दोन महिने वाढवली. ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटींची 'पीएम ई-ड्राइव्ह'. तिच्यात पहिल्या वर्षी किलोवॉट-तासाला ५,०००, दुसऱ्या वर्षी २,५००. योजनेची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवली, पण दुचाकी-तीनचाकीचं अनुदान मात्र तेव्हा मार्च २०२६ पर्यंतच ठेवलं.

ज्या स्कूटरला एकेकाळी ४५,००० मिळत होते, तिला शेवटी कमाल ५,०००. अनुदान कमी करत नेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. कधीतरी ते थांबायलाच हवं होतं. पण चार वर्षांत चार वेळा आकडा बदलला की गिऱ्हाईक काय करतं? थांबतं. "पुढच्या महिन्यात काहीतरी नवीन येईल" म्हणत थांबलेला माणूस मी इतक्यांदा पाहिलाय की त्याच्यासाठी मी वेगळी वहीच ठेवलीय. केबलचं माप घेऊन गेलेले, पण काम कधीच न झालेले असे लोक. त्या वहीत जून २०२३ ची पानं सगळ्यात भरलेली आहेत.

राज्याचंही तसंच. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. मग मे २०२५ मध्ये नवीन ईव्ही धोरणाचा शासन निर्णय निघाला: २०३० पर्यंतचं, १,९९३ कोटींचं, नवीन गाड्यांत ३० टक्के इलेक्ट्रिकचं उद्दिष्ट. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकीला आणि बसला टोलमाफी. एक्सप्रेसवेवर कारला एका बाजूचे ३२० रुपये लागतात, तेव्हा महिन्यातून चारदा मुंबईला जाऊन येणाऱ्याचे अडीच हजार वाचतात, हे थोडं नाही. पण कागद मे महिन्यात निघाला आणि टोलनाक्यावर सवलत सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. मधले तीन महिने माझे दोन गिऱ्हाईक शासन निर्णयाची प्रिंट डॅशबोर्डवर ठेवून फिरत होते आणि फास्टॅगमधून पैसे जातच होते.

तरी सरकारने केलेली एक गोष्ट शांतपणे चांगली झाली, तिचं कौतुक केलं पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला आणि तो तिथेच ठेवला. त्याला ना कोटा, ना पोर्टल, ना मुदत. आता सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर २८ वरून १८ वर आला, त्यामुळे दोघींमधलं अंतर कमी झालं. ईव्हीवर कोणी काही वाढवलं नाही, पण शेजारचं दुकान स्वस्त झालं.

आता माझ्या जागेवर येतो.

तुम्ही कार बुक करता. कंपनी सांगते, चार्जर फुकट, बसवूनही देऊ. त्या 'बसवून'मध्ये साधारण दहा-पंधरा मीटर केबल असते. बंगल्यात तेवढी पुरते. सोसायटीत तुमचा मीटर ए विंगच्या मीटर रूममध्ये, पार्किंग सी विंगच्या मागे. केबल मीटर रूममधून निघणार, ट्रे असेल तर ट्रेवरून, नाहीतर स्टिल्टच्या (इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्याच्या) छताला क्लॅम्प मारत, ड्रेनेजच्या पाइपांना वळसा घालत, कोणाच्या तरी पार्किंगच्या डोक्यावरून. साठ-सत्तर मीटर सहज होतात. चांगली आर्मर्ड (धातूच्या कवचाची) कॉपर केबल, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), बॉक्स, मजुरी धरून मी गेल्या वर्षी केलेली अशी कामं पस्तीस ते पन्नास हजारांत गेली. स्कूटरवाल्याला एवढी केबल ओढायची तर त्याच्या सगळ्या अनुदानाच्या कितीतरी पट पैसे त्या छतालाच लटकतात.

आणि पैसे असले तरी छत तुमचं नाही. पार्किंगही पूर्ण अर्थाने तुमचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. निकाल योग्यच होता. पण त्यातून असं झालं की सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) जिथे गाड्या जास्त आणि जागा कमी, तिथे पार्किंगचं वाटप दर वर्षी सोडत काढून. यंदा सतरा नंबर, पुढच्या वर्षी बेचाळीस. मग केबल कुठे ओढायची? एका सोसायटीत मी तीन वर्षांत एकाच माणसाची केबल दोनदा हलवली. तिसऱ्यांदा त्याने मला फोन केला नाही, गाडी विकून टाकली.

आता नियम काय म्हणतात ते बघा, कारण नियम वाईट नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीजविक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधी बदलून नवीन इमारतींत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय धरायला सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार सोसायटीतल्या रहिवाशाला ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, आणि जिथे नवीन लाइन टाकावी लागत नाही तिथे नवीन जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, इतर शहरी भागात सात, ग्रामीण भागात पंधरा. हे सगळं कागदावर आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे.

पण या नियमात वीज कंपनी येते ती मीटरपर्यंत. मीटरपासून पार्किंगपर्यंतचं अंतर सोसायटीचं, आणि तिथे तीन दिवसांची मुदत कोणालाच लागू नाही. सेक्रेटरी म्हणतात कमिटीत ठेवू, कमिटी म्हणते सर्वसाधारण सभेत ठेवू, सभा सप्टेंबरमध्ये. २० टक्क्यांचा नियमही नवीन इमारतींना. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक इमारती त्याच्या आधीच्या. नवीन इमारतींतही 'ईव्ही रेडी' म्हणजे काय हे बिल्डरवर. एका ठिकाणी मला कौतुकाने दाखवलं ते म्हणजे खांबावर बसवलेला एक रिकामा प्लास्टिकचा बॉक्स. त्यातून निघालेला पाइप छतात जाऊन संपत होता. पलीकडे काहीच नाही.

सभेत काय होतं ते सांगतो, कारण तुम्हालाही तेच ऐकावं लागणार आहे. मी सभेला तांत्रिक माणूस म्हणून जातो, कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. पहिला प्रश्न लोडचा असतो. "आज एकाने घेतली, उद्या चाळीस जणांनी घेतली तर ट्रान्सफॉर्मर उडेल." ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून मी सभेतच फळ्यावर हिशेब मांडतो. समजा १२० फ्लॅट, ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर (म्हणजे ढोबळमानाने तीनशे किलोवॉट पेलणारा), चाळीस गाड्या. पंधरा अँपिअरच्या प्लगवर कार साधारण ३.३ किलोवॉट घेते. चाळीस गुणिले ३.३ म्हणजे १३२ किलोवॉट. इथे सगळे माना डोलावतात. पण गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर चालते, म्हणजे रोज सहा युनिट लागतात, म्हणजे दोन तासांचं चार्जिंग. चाळीस गाड्यांचे मिळून २४० युनिट. ते रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत पसरवले की सरासरी भार पस्तीस किलोवॉटच्या आत. आणि सकाळी साडेसहाला याच इमारतीत पन्नास गीझर एकदम लागतात, तेव्हा शंभर किलोवॉट होतात. त्यासाठी आजवर कोणी सभा बोलावलेली नाही.

मात्र ही 'पसरवण्याची' अट खरी आहे. सगळे संध्याकाळी साडेसातला येऊन प्लग लावतील तर हिशेब कोलमडतो. म्हणून मी म्हणतो की एकेकाची केबल ओढू देऊ नका. सोसायटीने एकदाच मोठी मेन केबल पार्किंगपर्यंत आणावी, तिथे एक पॅनेल, प्रत्येकाला सबमीटर, आणि भार वाटून देणारा कंट्रोलर. पहिल्या पाच जणांना ते महाग पडतं. पुढच्या पस्तीस जणांना एकेकाच्या केबलच्या निम्म्यातही पडत नाही. अडचण इतकीच की पहिल्या पाच जणांनी बाकीच्या पस्तीस जणांचे पैसे का भरावेत? सरकारी पैसा इथे यायला हवा होता. 'पीएम ई-ड्राइव्ह'मध्ये चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत, पण ते सार्वजनिक स्टेशनांसाठी. माझं स्पष्ट मत आहे: शंभर स्कूटरांना पाच-पाच हजार वाटण्याऐवजी ते पाच लाख एका जुन्या सोसायटीच्या मेन केबलला दिले असते, तर पुढची दहा वर्षं तिथल्या कोणाला अनुदान लागलं नसतं.

दुसरा प्रश्न आगीचा. तो मी हसण्यावारी नेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, त्यातली एक पुण्यात. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकातली दुरुस्ती दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून लागू झाली. एक सेल तापला तरी आग शेजारच्या सेलांतून पूर्ण पॅकमध्ये पसरू नये, याची चाचणी त्यात आहे. आता बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येते, ती उष्णतेला जास्त दाद देत नाही. त्यामुळे जुनी, विशेषतः सुट्या भागांतून जोडलेली बॅटरी असेल तर सोसायटीने नाही म्हणावं, माझा पाठिंबा.

पण मी माझ्या बॅगेत एक प्लग टॉप ठेवतो आणि सभेत तो हातोहात फिरवतो. पांढरा होता, आता चॉकलेटी आहे. एक पिन अर्धी वितळून प्लास्टिकमध्ये रुतलीय, वास अजून येतो. त्या गाडीच्या बॅटरीला काही झालं नव्हतं. पार्किंगमधल्या वॉचमनच्या पंख्याच्या बोर्डावरून, बाजारातल्या एक्स्टेंशनवरून, एकाने तीन महिने कार चार्ज केली होती. घरातला गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधून मधून बंद-चालू होते. कार मात्र आठ-नऊ तास सलग पंधरा अँपिअर ओढत बसते. सैल सॉकेटला तेवढं सहन होत नाही. गंमत म्हणजे त्या माणसाने आधी रीतसर केबलसाठी अर्ज केला होता आणि तो नऊ महिने पडून होता. परवानगी नाकारल्याने चार्जिंग थांबत नाही, ते फक्त एक्स्टेंशनवर जातं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली वायर आणि तिच्यावर पावसाची प्लास्टिकची पिशवी, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

तिसरी गोष्ट सभेत कोणी विचारत नाही आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त छळते. अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज माणसाला न लागता जमिनीत नेणारी जोडणी. पेट्रोल गाडीच्या माणसाला हा शब्दच माहीत नसतो. इलेक्ट्रिक कारचा चार्जर मात्र प्लगमध्ये घातल्याबरोबर आधी अर्थिंग तपासतो, आणि नीट नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. नवीन गाडी आली, पेढे वाटले, हार घातला, प्लग लावला, लाल दिवा. शोरूमवाला म्हणतो चार्जर ठीक आहे, वायरमन म्हणतो वीज येतेय, टेस्टर पेटतोय बघा. दोघेही खरं बोलतात.

अशाच एका बोलावण्यावर मी गेलो होतो. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थमध्ये व्होल्टमीटर लावला तर ३८ व्होल्ट. तिथे दोन-तीनच्या वर दिसायला नकोत. मी अर्थिंगची पट्टी हाताने चाचपत मागे गेलो. मीटर रूममधून ती बाहेर पडत होती, कुंपणाच्या भिंतीलगत जमिनीत शिरत होती. जमिनीपाशी बोट लावलं तर पट्टीचा चुरा हातात आला. गंजून गेलेली. अर्थिंगचा खड्डा शोधला तर त्यावर सोसायटीने पेव्हर ब्लॉक टाकलेले, त्यावर गणपतीचा मांडव घालतात. म्हणजे त्या चौसष्ट फ्लॅटला कित्येक वर्षं अर्थिंगच नव्हतं. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन सगळं देवाच्या भरवशावर चालू होतं. एका कारने ते उघडं पाडलं. अर्थिंगचे नवीन दोन खड्डे केले, तांब्याची पट्टी टाकली, खर्च सोसायटीने केला. ज्या आजोबांनी सभेत ईव्हीला सर्वांत जास्त विरोध केला होता, त्यांनीच तो खर्च मंजूर करून घेतला.

आता बिल. घरच्या मीटरवर चार्ज केलं तर युनिट घरच्याच स्लॅबमध्ये धरले जातात. राज्यात घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमचं घर महिन्याला २५० युनिट वापरतं आणि कार हजार किलोमीटर चालून दीडशे खाते, तर त्यातले शंभर युनिट ३०० च्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये जातात. लोक पहिलं बिल बघून दचकतात ते यामुळे. ईव्हीची वेगळी जोडणी घेतली तर हे टळतं, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर चालवणाऱ्याला वेगळा मीटर परवडतोच असं नाही. हजार-बाराशेच्या पुढे मी घ्यायला सांगतो.

ज्याला घरी चार्जिंगच नाही त्याचं काय? खरा अन्याय इथे आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. साधारण आकडे घ्या. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साडेसहा-सात किलोमीटर जाते. घरी दहा रुपये युनिट धरा, दीड रुपया किलोमीटर. सार्वजनिक फास्ट चार्जरवर कर धरून बावीसच्या आसपास पडतं, म्हणजे सव्वातीन रुपये. सीएनजी नव्वदच्या आसपास किलो आणि पंचवीस किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे साडेतीन रुपये. पेट्रोलचे सात. म्हणजे घरी चार्जिंग असलेल्याला ईव्ही सीएनजीपेक्षा निम्म्याहून स्वस्त, आणि घरी सोय नसलेल्याला जवळजवळ सीएनजीएवढीच, वर गाडी महाग आणि स्टेशनवर तासभर बसायचं. त्यात गाडीवर जीएसटी ५ टक्के, पण सार्वजनिक चार्जिंगच्या सेवेवर १८. बंगल्याच्या गॅरेजमध्ये चार्ज करणारा हा १८ टक्के भरत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा भरतो. हा दर पाचवर आणायला कुठलीही नवीन योजना लागत नाही.

सार्वजनिक स्टेशनं वाढली आहेत हे खरं, देशात २०२५ पर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेली. पण सुरुवातीची बरीच अशी की त्यांचा आज उपयोग नाही. २०१७ च्या सुमारास सरकारी गाड्यांसाठी 'भारत डीसी-००१' नावाचे १५ किलोवॉटचे, कमी व्होल्टेजचे चार्जर लागले. मग २०१९-२० पासून बाजारात आलेल्या कारना सीसीएस-२ नावाचं फास्ट चार्जिंगचं सॉकेट आलं आणि व्होल्टेज तीनशेच्या वर. जुना प्लग बसतच नाही. चार्जर नकाशावर हिरवे दिसायचे आणि गाडीवाला तिथे जाऊन डोक्याला हात लावायचा. ती चूक आता सुधारली आहे, पण त्या काळात ज्यांनी तोंड भाजून घेतलं ते अजून ताक फुंकून पितात. आणि स्टेशन मोजताना चालू किती हे कोणी मोजत नाही. हायवेवर जाताना मी स्वतः अ‍ॅपमध्ये बघतो की त्या चार्जरवर मागच्या दोन दिवसांत कोणी यशस्वी चार्ज केलंय का. नसेल केलं तर तो धरतच नाही.

ज्यांचं हे सगळं जमतं ते मात्र थांबत नाहीत. प्रवासी तीनचाकीत देशात निम्म्याहून जास्त नवीन गाड्या आता इलेक्ट्रिक आहेत, कारमध्ये २०२४-२५ मध्ये तीन टक्क्यांच्याही खाली. रिक्षावाला काही पर्यावरणासाठी घेत नाही. रोजचे शंभर किलोमीटर, बॅटरी छोटी, रात्री घरासमोर किंवा स्टँडवर ठरलेली जागा, आणि वाचलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी खिशात. त्याला सभेची परवानगी लागत नाही.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. घ्यावी का?

स्वतःची ठरलेली पार्किंगची जागा आहे, ती दर वर्षी बदलत नाही, आणि महिन्याला हजार किलोमीटरच्या वर चालवता, तर थांबू नका. अनुदानाची वाट बघण्यात आता काही राहिलेलं नाही, कारला तर ते वैयक्तिक वापरासाठी गेली कित्येक वर्षं केंद्राकडून नव्हतंच. पण क्रम उलटा करा. लोक आधी गाडी बुक करतात आणि मग परवानगी मागतात. डिलिव्हरी पंधरा दिवसांवर आणि कमिटीचा पत्ता नाही, अशा वेळी माणूस चिडतो आणि कमिटी आणखी ताठर होते. आधी अर्ज द्या, लेखी, पोच घेऊन. त्यात लिहा की केबलचा खर्च माझा, काम परवानाधारकाकडून, टेस्ट रिपोर्ट देईन, घर सोडताना केबल काढून घेईन किंवा सोसायटीला देईन. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीचा उल्लेख एका ओळीत करा, धमकी म्हणून नको. माझ्या अनुभवात कायद्याचं कलम पहिल्याच पत्रात टाकलं की फाइल वकिलाकडे जाते आणि तिथे सहा महिने झोपते.

भाड्याने राहत असाल तर कारचा विचार पुढे ढकला, स्कूटर घ्या, आणि तीही बॅटरी काढून घरात नेता येईल अशी. मेकॅनिकल किंवा स्टॅक पार्किंग असेल तर सध्या तरी नाही. वर-खाली सरकणाऱ्या पाळण्यावर चार्जर बसवून द्या असं मला दोनदा विचारलंय, दोन्ही वेळा मी नको म्हटलं. बेसमेंटमध्ये पाणी साचतं का ते पावसाळ्यात जाऊन स्वतः बघा, आणि चार्जर छातीच्या उंचीच्या खाली लावू देऊ नका.

फ्लॅटचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो. जुन्या वन बीएचकेला दोन-तीन किलोवॉट असतात, त्यावर कारचा ३.३ चढवायचा तर आधी भार वाढवून घ्या. ७.२ किलोवॉटच्या वॉल बॉक्सच्या (भिंतीवरच्या मोठ्या चार्जरच्या) मागे लागू नका, रोज चाळीस किलोमीटरला त्याची काहीच गरज नाही. आणि कोणत्याही कॉन्ट्रॅक्टरला फोन करण्याआधी मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत टेप लावून मोजा. पावलं टाकून नको, सरळ रेषेत तर अजिबात नको. वर छतापर्यंत जाणं, खांबाला वळसा, खाली चार्जरपर्यंत येणं, सगळं धरून. आकडा साठच्या वर गेला तर शेजारच्या पार्किंगवाल्याला विचारा त्यालाही हवी आहे का. दोघांत एक जाड केबल ओढली तर निम्म्यात होतं, आणि सभेत एका हाताऐवजी दोन हात वर होतात.